वजीरचा बाजार

नमस्कार, श्रोतेहो. केनियाच्या ईशान्येला, सोमालियाच्या सीमेलगत वजीर नावाचा कोरडा मुलूख आहे. लोक सोमाली, उंट नि गुरं पाळणारे. तंटे मिटवायचा त्यांचा पिढीजात कायदा आहे, त्याला म्हणतात 'हेर'. आपल्या हेरगिरीशी त्याचा संबंध नाही.

हेरमधली मुख्य गोष्ट आधी ध्यानात घ्या: गुन्हा एकाचा, भरपाई भावकीची. पुरुष मारला गेला तर शंभर उंट. जवळच्या घरांचा वाटा मोठा, लांबच्यांचा लहान, पण भरायचं सगळ्यांनी. म्हणून तापट पोराला आवरायला चुलतेच धावतात, कारण उंट त्यांच्याही कळपातून जाणार असतात. पुन्हा सांगतो, गुन्हा एकाचा, भरपाई भावकीची.

1991 मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं, सीमेपलीकडून बंदुका आल्या, त्यात दुष्काळ. अजुरान, देगोदिया आणि ओगादेन या कुळांत रक्तपात सुरू झाला. वडीलधारे एकत्र बसेनात.

अशात 1992 मध्ये एका लग्नाला काही बायका जमल्या होत्या. त्यांत देखा इब्राहिम अब्दी ही शिक्षिका होती. बोलता बोलता विषय निघाला बाजाराचा. एका कुळातली बाई दुसऱ्या कुळातलीकडून काही घेऊ शकत नव्हती, तिला काही विकू शकत नव्हती. आता दुधाचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते काही तह होईपर्यंत थांबत नाही. बायकांनी ठरवलं, सुरुवात इथूनच करायची. नियम एकच: कुणीही कुणाकडून घ्यावं, कुणीही कुणाला विकावं. पण नुसता नियम करून भागत नाही. सगळ्या कुळांतल्या बायका देखरेखीला नेमल्या. कुठे अडवणूक झाली, शिवीगाळ झाली, की त्यांनी तिथेच लक्ष घालायचं आणि बायकांच्या समितीला कळवायचं. बाजार सुरळीत झाला.

मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. आणि इथे त्यांची खरी हुशारी दिसते: पुढाकार घ्यायला त्यांनी गळ घातली ती लहान कुळांतल्या वडीलधाऱ्यांना. भांडणारी कुळं मोठी. त्यांच्यातला कुणी मधे बसला, तर दुसरा उठून जाणार. लहान कुळाची भीती कुणालाच नाही, म्हणून त्याचं ऐकायला कुणाला कमीपणा वाटत नाही. लक्षात ठेवा, मध्यस्थ लहान कुळातला. 1993 मध्ये या कुळांमध्ये शांततेचा अल-फतह करार झाला.

बैठकीवरून आठवलं. मालीतले डोगोन लोक सभेच्या मांडवाचं छप्पर इतकं ठेंगणं ठेवतात की रागाने ताडकन उठताच येत नाही. आपल्याकडे तंटा मिटवायलाही उंच व्यासपीठ आणि हारतुरे लागतात. माझं ठाम मत आहे, खाली सतरंजी घाला, निम्मं काम तिथेच होतं.

1995 मध्ये वजीरची शांतता समिती सरकारी जिल्हा विकास समितीला जोडली गेली. कुठे ठिणगी पडली की वडीलधारे, मौलवी, बायका आणि सुरक्षा अधिकारी मिळून ती जागा गाठायचे.

आता जिथे घोडं अडतं ते. बलाढ्य कुळाने भरपाई थकवली, तर दुबळं कुळ ती वसूल करू शकत नाही, आणि मग सूड पेटतो. दुसरं मला फार खटकतं. ईशान्य केनियातल्या समाजांनी तंटे मिटवायचे नियम ठरवले, त्या 2001 च्या मोदोगाशे जाहीरनाम्यातही पुरुषाच्या जिवाला शंभर जनावरं, बाईच्या जिवाला पन्नास. बाजार बायकांनी उघडला होता, आणि त्याला तोवर आठ-नऊ वर्षं झाली होती.