कर्नलच्या आधी डिस्क कोण वाचतं?

[पडद्यावर: काळी स्क्रीन, कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर]

बटण दाबलंय, पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अजून सुरू व्हायचाय. या घडीला डिस्क वाचणारं एकच कोणी आहे, मदरबोर्डवरचं यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर. त्याला हमखास वाचता येते ती फॅट. १९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेली ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) नाही, फाइलींच्या परवानग्या नाहीत, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) नाहीत. तरी ईएफआय पार्टिशनवर (फर्मवेअर वाचतं त्या डिस्कच्या भागावर) फॅट३२ टाकायची आणि पुढे जायचं. तिथे निवडण्यासारखं काही नाही.

निवड असते ती कर्नल ठेवायच्या ‘बूट’ पार्टिशनची. ते वाचतो ग्रब, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर. एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिम, त्याला सगळं वाचता येतं. म्हणजे, बरंचसं.

[पडद्यावर: अपडेट चालू आहे, अचानक वीज जाते]

समजा, बूट पार्टिशन एक्सएफएसचं आहे. नवा कर्नल बसला, सिंकही झालं (बदल डिस्कवर पोचवले) आणि त्याच क्षणी वीज गेली. फाइलीची नोंद जर्नलमध्ये पोचलीय, तिच्या मूळ जागी अजून नाही. लिनक्स असता तर माउंट करतानाच, म्हणजे पार्टिशन वापरायला उघडतानाच, त्याने जर्नलवरून सगळं जुळवून घेतलं असतं. ग्रब जर्नलकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला नवा कर्नल दिसतच नाही, किंवा दिसतो तो शून्य बाइटचा. गंमत अशी, की लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून) ते पार्टिशन एकदा माउंट केलं, की फाइल जागेवर!

म्हणूनच जुनी मंडळी इथे अजून बिनजर्नलची एक्सटी२ वापरतात. हट्ट वाटतो, पण अगदीच बिनबुडाचा नाही.

एक्सटी४ मग बिनधोक? फेब्रुवारी २०२३मध्ये एक्सटी४ पार्टिशन बनवणारं ई-टू-एफएस-प्रॉग्ज १.४७.० आलं. त्याने नव्या एक्सटी४वर चेकसम सीडचं (डेटातली चूक पकडणाऱ्या आकड्याशी संबंधित) एक फीचर आपोआप चालू केलं. ग्रब २.०६ला ते ओळखता येईना. पार्टिशन धडधाकट, आणि स्क्रीनवर ‘अननोन फाइलसिस्टिम’. डेबियन १२ या लिनक्सच्या आवृत्तीने ते फीचर बंदच ठेवलं.

[पडद्यावर: पार्टिशनची यादी]

फेडोरा वर्कस्टेशन या दुसऱ्या लिनक्सने २०२०मध्ये, आवृत्ती ३३पासून, रूटला (मुख्य पार्टिशनला) बीटीआरएफएस दिली. ‘बूट’ मात्र एक्सटी४वरच ठेवलं. माझंही मत तेच. ओपनसुसे हे आणखी एक लिनक्स उलट वाटेने जातं. तिथे ‘बूट’ बीटीआरएफएसच्या रूटमध्येच असतं, म्हणून जुन्या स्नॅपशॉटवर (सिस्टिमच्या आधीच्या जपलेल्या स्थितीवर) परतलं की त्या वेळचा कर्नलही सोबत येतो. फक्त ग्रबला बीटीआरएफएसवर लिहिता येत नाही. मागच्या वेळी कोणता कर्नल निवडला होता, हे त्याला तिथल्या फाइलीत नोंदवता येत नाही.