किल्ला बांधणाऱ्या हातांचे फोटो

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मोबाइलमध्ये किल्ल्यांचे जे फोटो जमतात, ते आठवून बघा. किल्ला पूर्ण झालेला, महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, आणि मागे अभ्यंगस्नान करून नवे कपडे घातलेली मुलं ओळीत उभी. सगळी कॅमेऱ्याकडे बघतायत. फोटो छान असतो, आजी-आजोबांना पाठवायला हवाच. पण त्याआधीचे चार-पाच दिवस त्यात नसतात, आणि मुलांची खरी दिवाळी त्याच दिवसांत होऊन गेलेली असते.

काय काय झालेलं असतं त्या दिवसांत! विटांचे तुकडे गोळा केले. वाण्याकडून गोणपाट मागून आणलं, चिखलात बुडवून दगडांवर पसरलं. वाट कुठल्या बाजूनं काढायची यावर भांडण झालं, एक जण रुसून घरी गेला आणि थोड्या वेळानं आपणहून परत आला. मातीत अळीव पेरले, आणि उगवले का ते बघायला सकाळी उठल्या उठल्या सगळे खाली पळाले. कुठून तरी सलाईनची नळी मिळवली, बाटली उंचावर टांगली, आणि कारंजं पहिल्यांदा उडालं तेव्हाचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या आजी गॅलरीत आल्या. यातल्या एकाही क्षणाचा फोटो आपल्याकडे नसतो. मूल स्वच्छ असेल, हसत असेल, आपल्याकडे बघत असेल, तेव्हाच आपल्याला फोटो सुचतो. आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. मूल आपल्याला पूर्ण विसरलेलं असतं, तेव्हा कॅमेरा हातात घ्या.

ओळीत उभं करण्याची ही सवय आली कुठून, तेही समजून घेऊ. अनेक मराठी घरांत आगफाचा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. 120 चा फिल्मचा रोल घातला की 12 फोटो. रोलचे पैसे, तो धुवायचे पैसे, प्रिंटचे पैसे. त्यामुळे फोटो राखून ठेवायचे ते वाढदिवसाला, मुंजीला, सहलीला. आणि बारांतला एकही वाया जाऊ नये म्हणून ‘हलू नका’ ही आज्ञा. त्या काळात ती बरोबरच होती. आज फोटो मोजावे लागत नाहीत, तरी आज्ञा मात्र तशीच राहिली आहे. दोन वर्षांच्या बाळालाही आपण ‘इकडे बघ, हास’ म्हणतो, आणि ते बिचारं शिकतंही. मग त्याच्या खऱ्या हसण्याच्या जागी फोटोसाठीचं हसणं येतं, आणि अल्बमभर तेच दिसत राहतं.

झाक-आंरी लार्तीग नावाच्या मुलावर अशी आज्ञा चालली नसावी, असं त्याचे फोटो पाहताना वाटतं. जन्म 1894 चा, फ्रान्समधलं श्रीमंत घर. 1902 च्या सुमारास, वय सात-आठ असताना, वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. त्यानं घरातल्यांचेच फोटो काढले. झिसू या टोपणनावाचा त्याचा थोरला भाऊ ग्लायडर बनवायचा. त्या सगळ्या खटपटीचे फोटो लार्तीगनं काढून ठेवले. 1905 मध्ये पॅरिसच्या घराबाहेर बिशोनाद ही त्याची नातलग पायऱ्यांवरून उडी मारत होती. फोटोत ती अजून हवेतच आहे, झगा फुललेला, हात पसरलेले. हे सगळं जगासमोर आलं ते 1963 मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात. तेव्हा लार्तीग 69 वर्षांचे होते. मला त्या फोटोंत जाणवतं ते हे, की काढणारा त्याच टोळीतला आहे. त्याची उंची त्यांच्याएवढीच आणि उत्सुकताही तेवढीच.

आपली उंची काही तेवढी नाही, म्हणून उकिडवं बसा, नाहीतर सरळ जमिनीवर बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुलाचं कपाळ आणि डोक्यावरचा भोवराच दिसतो. घरात फ्लॅश बंद ठेवा. दुपारी खिडकीतून येणारा उजेड पुरतो. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात फोन शटर सावकाश उघडझाप करतो, त्यामुळे पळणारं मूल फिसकटतं. मैदानात प्रखर उन्हात मात्र शटर सेकंदाचा पाचशेवा भागच उघडं राहिलं तरी पुरतं आणि लगोरीची उडालेली थप्पीसुद्धा हवेत थांबते. अर्थात फिसकटलेला फोटो टाकाऊ असतो असं नाही. पळण्याचं पळणंच त्यात असेल तर तो ठेवा. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर मात्र कायमचा बंद करा. गुडघ्यावरची खपली, नखातली माती, आंब्यानं माखलेली हनुवटी हा त्या वयाचा ऐवज आहे, तो यंत्रानं पुसू नये.

मूल नसलेलेही फोटो काढा. हे मी अमेरिकन छायाचित्रकार हेलन लेविट यांच्याकडून घेतलं. 1937 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये लेविट मुलांना चित्रकला शिकवत होत्या. जाता-येता रस्त्यावर, भिंतींवर मुलांनी खडूनं काढलेली चित्रं दिसायची. त्यांचे फोटो त्या काढू लागल्या. पुढे खेळणाऱ्या मुलांचेही काढले, आणि 1943 मध्ये त्याच म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. लेविट आपल्या कॅमेऱ्याला काटकोनात पाहणारा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, लावत. कॅमेरा नेमका कुणाकडे आहे हे समोरच्याला कळत नसे. अनोळखी मुलांच्या बाबतीत आज मी हा मार्ग सांगणार नाही. आई-वडिलांना विचारा. आणि आपलंच मूल ‘हा कुणाला पाठवू नकोस’ म्हणालं, तर पाठवू नका, मग ते सहा वर्षांचं का असेना.

पण त्या खडूच्या रेघा लक्षात ठेवा. अंगणातले लंगडीचे चौकोन, दाराबाहेरचा चपलांचा ढीग, चौकटीवर पेन्सिलीनं केलेल्या उंचीच्या खुणा, रंगकामात जाणार असलेलं भिंतीवरचं चित्र. मुलाचा चेहरा रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याचे शेकडो फोटो निघतात. चौकट एका दुपारी रंगवली जाते आणि खुणा गेल्या.

आणि कधीतरी फोन मुलांच्याच हातात द्या. 1900 मध्ये कोडॅकनं ब्राउनी हा एक डॉलरचा पुठ्ठ्याचा कॅमेरा काढला, तोही मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच. मूल काय टिपतं ते बघा: मांजरीचे पाय, फिरणारा पंखा, पोळी लाटणारे आईचे हात, खालून दिसणारी बाबांची हनुवटी. फोनमधली जागा मोकळी करताना आपण सर्वांत आधी हेच फोटो उडवतो. ते राहू द्या. वर्षाकाठी थोडे तरी फोटो प्रिंट करून घ्या, त्यात काही मुलांनी काढलेलेही असू द्या. मागे मऊ पेन्सिलीनं तारीख आणि जागा लिहा, आणि किल्ला बांधणाऱ्या त्या सगळ्या सवंगड्यांची नावंही. रुसून गेलेला कोण होता आणि नळी कुणी आणली, तेसुद्धा.