सिनौलीचं शेत आणि दायमाबादचा रथ

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात सिनौली नावाचं गाव आहे. उसाचा मुलूख. २००५ साली तिथे एक शेत सपाट करताना मातीतून हाडं आणि मडकी निघू लागली. बातमी पुरातत्त्व खात्यापर्यंत पोचली. डी. व्ही. शर्मा यांनी उत्खनन केलं आणि ११६ दफनं सापडली. माणसं उत्तर-दक्षिण निजवलेली, शेजारी भांडी. काही खड्ड्यांत तर नुसतीच भांडी, माणूस नाहीच!

२०१८ मध्ये जवळच संजय मंजुल यांच्या पथकानं पुन्हा खोदलं. तांब्याच्या तलवारी, शवपेट्या आणि दोन चाकांच्या गाड्या निघाल्या. वय साधारण चार हजार वर्षं. वर्तमानपत्रांनी 'रथ' म्हणून मोठे मथळे दिले, पण मला त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या गाड्यांचं लाकूड केव्हाच कुजून मातीत मिसळलं होतं. भरीव चाकांवर तांब्याचे त्रिकोणी तुकडे जडवलेले होते; ते जिथल्या तिथे राहिले, म्हणून चाक ओळखता आलं. तेच तुकडे नांगरानं वर आले असते, तर पोतंभर तांबं म्हणून भंगारात गेले असते. चाक होतं हे कुणाला कळलंही नसतं.

आता आपल्याकडे या. श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवराकाठचं दायमाबाद. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला जळणासाठी झुडपाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. वजन साठ किलोंहून अधिक. हे दफन नव्हे, पण अडचण समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. वस्तू अभ्यासकांपुढे आल्या तेव्हा त्या मातीतून निघालेल्याच होत्या. कुठल्या थरातल्या, कशाशेजारच्या? पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पुढे तिथे उत्खनन केलं, हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळाचा थरही दाखवला. तरी काही अभ्यासक धातूतल्या आर्सेनिककडे बोट दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या मानतात.

वाद सिनौलीतही आहेच. गाडीला घोडे जुंपत की बैल? आस्को पार्पोलांसारखे विद्वान बैल म्हणतात. भरीव चाकं पाहता मलाही तेच पटतं. पण तिथे वाद घालायला खड्ड्याचा नकाशा आहे, शेजारची भांडी आहेत.

तुमच्यापैकी शेती करणारे विचारतील, आमच्या रानात काही निघालं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवेपर्यंत वस्तू हलवू नका, धुऊ तर मुळीच नका, फोटो काढा. लोक गप्प का बसतात, तेही मला ठाऊक आहे. रानात सरकार शिरलं की पेरणी लांबते, जमीन अडकते, ही भीती खोटी नाही. पिकाची भरपाई वेळेवर हातात पडल्याशिवाय ती जाणारही नाही.