पहिली बांग कुणाची?

(दृश्य : कोल्हापूर. रंकाळा तलावाचा पूर्वेकडचा काठ. सूर्य शालिनी पॅलेसच्या मागं उतरतोय. आवाज : पायरीला लागणारं पाणी, भेळेच्या गाड्यावर पातेल्यात फिरणारा चमचा, फिरायला आलेल्यांच्या चपला. वीस सेकंद निवेदन नाही.)

खट्.

हा आवाज लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. कुठल्यातरी मशिदीत कुणीतरी माईकचं बटण दाबलंय. आता एक फुंकर येईल. एखादा घसा खाकरेल, एखादा नाही. आणि मग...

(आवाज : पहिलं ‘अल्लाहु अकबर’, लांबून.)

आम्ही याला बांग म्हणतो. अजान हा शब्द पेपरातला आणि भाषणातला. ‘मगरिबची बांग झाली, पोरं अजून बाहेर कशी?’ हे ऐकत मी इथं मोठा झालो. शब्द फारसीतून आला, मराठीत रुळला आणि मराठीनं तो कोंबड्यालाही देऊन टाकला. आमची आजी घड्याळ बघायची नाही. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची बांग झाली की चहाचं आधण, मगरिबची झाली की देवापुढं दिवा आणि वाळत घातलेले कपडे आत. त्या अरबी शब्दांचा अर्थ तिला शेवटपर्यंत कुणी विचारला नाही, तिनंही कुणाला विचारला नाही.

मी ध्वनिमुद्रण करतो. लग्नं, व्याख्यानं, कुस्तीच्या मैदानातली हलगी, मिळेल ते. एका कामासाठी मला तीस सेकंदांची एक स्वच्छ बांग हवी होती. एकच. मागं-पुढं दुसरी नको. चार संध्याकाळी गेल्या, मिळाली नाही. एक सुरू झाली की तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या शेपटाला तिसरी. वैतागून म्हटलं, जाऊ दे, निदान पहिली कुणाची ते तरी शोधू.

(दृश्य : जुन्या वस्तीतल्या घराची गच्ची. चारी बाजूंना पत्रे, पाण्याच्या टाक्या, अंबाबाईच्या देवळाची शिखरं, दोन मिनार, मोबाईलचे टॉवर.)

मगरिबची वेळ म्हणजे सूर्य मावळला की लगेच. कोल्हापुरात नोव्हेंबर संपताना ही वेळ सहाच्या आसपास येते, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहापर्यंत जाते. सूर्य सगळ्यांचा एकच. शहर पूर्व-पश्चिम दहा किलोमीटर धरलं तरी या टोकाच्या आणि त्या टोकाच्या मावळतीत फरक पडतो वीस-बावीस सेकंदांचा. बांगा मात्र चांगल्या तीन-चार मिनिटं पुढं-मागं असतात. तेवढा फरक सूर्याचा नाही, माणसांचा आहे. प्रत्येक मशिदीत भिंतीवर वेळेचा तक्ता, त्याच्याशेजारी लाल आकड्यांचं घड्याळ. कुणाचं घड्याळ मिनिटभर पुढं. कुणी सावधगिरी म्हणून दोन मिनिटं थांबणारा. रमजानमध्ये तर हे थांबणं फार मोलाचं, कारण खाली दस्तरखानावर खजूर हातात धरून माणसं बसलेली असतात आणि एक मिनिट आधी रोजा सुटला तर तो गेला.

त्यात आवाजाची स्वतःची चाल. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैलभर लांबची मशीद जवळजवळ पाच सेकंद उशिरा ऐकू येते. म्हणजे बिंदू चौकाच्या बाजूला जी पहिली, ती रंकाळ्यावर तिसरी होऊ शकते. गच्चीवर एक माईक, तलावाच्या काठावर दुसरा असे ठेवून बघितले. दोघांनी वेगवेगळा क्रम सांगितला, आणि दोघंही खरं बोलत होते.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ.)

ही एक बांग. पंधरा ओळी. सुरुवातीचं ‘अल्लाहु अकबर’ चार वेळा. मग साक्षीच्या दोन ओळी, एकच देव असल्याची आणि मुहम्मद त्याचे प्रेषित असल्याची, प्रत्येकी दोनदा. ‘हय्य अलस्सलाह’, नमाजकडे या, दोनदा. ‘हय्य अलल फलाह’, कल्याणाकडे या, दोनदा. पुन्हा ‘अल्लाहु अकबर’ दोनदा. आणि शेवटी ‘ला इलाह इल्लल्लाह’, एकदाच.

आता इथं बघा. रेघ थोडी बारीक झाली. पुढं जाऊन पुन्हा बारीक. आधी वाटलं माझ्या वायरीत बिघाड आहे. वायर बदलली. दुसऱ्या मशिदीच्या रेकॉर्डिंगमध्येही तीच जागा, तोच उतार. मग कळलं. ‘हय्य अलस्सलाह’ म्हणताना बांग देणारा मान उजवीकडं वळवतो, ‘हय्य अलल फलाह’ला डावीकडं. तोंड माईकसमोरून हललं की आवाज पडतो. ही पद्धत माईकच्या कितीतरी आधीची, हाक दोन्ही अंगांना पोचावी म्हणून. भोंगे आले १९३०च्या दशकानंतर. ते चारी दिशांना तोंड करून बसले, मान वळवायचं कारण संपलं. मान वळायची थांबली नाही. मला या सगळ्या कामात सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली विचाराल, तर पडद्यावरचे हे दोन खड्डे.

परंपरा सांगते, पहिली बांग मदिनेत बिलाल यांनी दिली. हबशी, गुलामीतून सुटलेले. निवडले गेले ते आवाजासाठी.

(आवाज : एका मशिदीतली बांग, जवळून. ‘हय्य अलस्सलाह’पर्यंत निवेदन नाही.)

गाणाऱ्या माणसाच्या कानाला इथं भैरव लागतो. कोमल रिषभ, वर शुद्ध गंधार, दोघांच्या मधे ती मोठी उडी. अरबी संगीतात या सुरावटीला हिजाज म्हणतात. बांग देणारे सगळे हिजाजच लावतात असं नाही, आणि बांगेला गाणं म्हटलं तर ते नाराज होतात. त्यांचं बरोबर आहे, ताल नाही, वाद्य नाही, ‘वाहवा’ची जागा नाही. पण हे कोल्हापूर आहे. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारात गायले आणि त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करत. अशा गावाच्या कानाला भैरव ऐकू येऊ नये म्हणणं जरा जास्तच झालं.

(दृश्य : पहाट. गंगावेशीत म्हशी, दुधाच्या किटल्या, तालमीच्या दारातला दिवा.)

पहाटेची, फजरची बांग सतरा ओळींची. ‘अस्सलातु खैरुम मिनन नौम’, झोपेपेक्षा नमाज बरी, हे दोनदा जास्त. आखाड्यात माती उकरणारी पोरं म्हणतात, ‘आमास्नी काय सांगताय, आमी कवाच उठलोय.’

पहाटेचा आवाज लांब जातो. रस्त्यावर गाड्या नसतात हे एक कारण झालंच. दुसरं हवेत आहे. रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानानं उबदार. आवाज गार हवेकडं वाकतो, म्हणजे खाली, आपल्याकडं. दुपारी नेमकं उलटं. तापलेल्या डांबरावरची हवा त्याला वर उचलून देते. म्हणून जोहरची बांग शेजारच्या गल्लीतसुद्धा अर्धीच पोचते, आणि रंकाळ्याच्या गार पाण्यावरून संध्याकाळची थेट समोर आल्यासारखी वाटते.

पण पहाटेची मला मिळाली ती भिंतीआडून. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि दिवसाही राहत्या वस्तीत ५५ डेसिबलच्या आत. जूनमध्ये कोल्हापुरात फजरची वेळ पावणेपाचच्या आधीच सुरू होते. त्यामुळं उन्हाळा-पावसाळ्यात ही बांग आतल्या आत, नुसत्या गळ्यानं, फार तर आतल्या छोट्या स्पीकरवर. थंडीत मात्र जानेवारीत वेळच सहाच्या दहा मिनिटं आधी लागते, मग सव्वासहाला भोंग्यावर दिली तरी नियमात बसते. बांग वर्षभर सूर्यामागून फिरते आणि नियम घड्याळाला बांधलेला, त्यामुळं वर्षातले थोडे आठवडेच दोघांची गाठ पडते. नियम चांगला आहे, असं मी तरी म्हणेन. फक्त विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीसमोर माझ्या मीटरचा काटा कुठं जातो ते इथं सांगत बसत नाही, विषय लांबेल.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा. मागं मुस्लिम बोर्डिंग.)

ही मुस्लिम बोर्डिंगची, म्हणजे मुस्लिम विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची जागा. मोहमेडन एज्युकेशन सोसायटी १९०६ सालची, अध्यक्ष स्वतः शाहू महाराज. ईदची नमाज याच मैदानात होते. ईदच्या नमाजेला बांग नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एवढी माणसं, आणि हाक नाहीच.

२०२२च्या मे महिन्यात भोंग्यांवरून सगळ्या महाराष्ट्रात आवाज चढलेला होता. त्याच आठवड्यात, ६ मेला, महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी १० वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं. रिक्षा, एसट्या, दुकानं. माझ्याजवळ ते शंभर सेकंद आहेत.

(आवाज : शहराची शांतता. एक कावळा. लांबवर कुठंतरी पिंप सरकवल्याचा आवाज. दहा सेकंद.)

इथं सलोख्याबद्दल चार वाक्यं लिहिली होती. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती, तालमीत एकाच मांडवात गणपती आणि मोहरमचा पंजा, सगळं खरं आहे, डोळ्यांनी बघितलंय. पण २०२३च्या ७ जूनला याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, हेही खरं आहे. त्या संध्याकाळी मी रेकॉर्डर बाहेर काढला नाही. ती चार वाक्यं खोडली.

(दृश्य : अरुंद बोळ. पत्र्याच्या छपराची छोटी मशीद, बाहेर चपला, नळावर वजू करणारे, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुणारे दोघे. बांग देणाऱ्यांचा चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

पहिल्याचा शोध लागला नाही. शेवटच्याचा लागला. माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एक म्हातारा आवाज कायम मागून यायचा, सगळे थांबले की. वाटलं, घड्याळ मागं असेल. भेटायला गेलो. लोक त्यांना बांगीसाहेब म्हणतात. दिवसा शिलाईचं काम. घड्याळ दाखवलं, सेकंदाला बरोबर.

‘मग चाचा, उशीर का?’

‘उशीर न्हाई बाबा. पलीकडच्या मशिदीची चालू असती. दुसरा बोलत असताना मधी बोलू नये, घरात शिकवलंय न्हवं? त्यांचं झालं की आमचं. गल्लीतली म्हातारी माणसं हायत, दोन आवाज एकात गेले की त्यास्नी काय कळंना होतंय.’

‘आणि मान वळवता, माईक असताना?’

हसले. ‘तुमच्या मशीनला दिसतंय व्हय ते?’

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागं, खांबापाशी माईक लावून बसलो. बाहेरची बांग संपली. समोरच्या घरात टीव्हीचा आवाज कमी झाला, खिडकीतल्या बाईनं पदर डोक्यावर घेतला. त्यांनी कानांत बोटं घातली. मला हवी होती ती एकटी, स्वच्छ बांग मिळाली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ती शेवटची एकदाच येते. बाकी सगळं जोडीनं ऐकल्यावर कान दुसऱ्या वेळेची वाट बघत राहतो.

(आवाज : ‘ला इलाह इल्लल्लाह’. मग खोलीतला पंखा. नळाचं पाणी.)

खट्.