सीमा बदलायची तर संसदेत या

[दृश्य: विधी ग्रंथालयातली कपाटं. एक जाडजूड खंड टेबलावर उघडला जातो.]

हा १९६० सालचा ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे कोर्टाच्या निकालांचा संग्रह. देशभरच्या कोर्टांत ज्याचा हवाला दिला जातो, तो आपल्या नागपुरातूनच निघतो. सुप्रीम कोर्टाचा भाग, पान ८४५. बेरुबारी प्रकरण.

बेरुबारी हा जलपायगुडी जिल्ह्यातला भाग. फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफच्या निवाड्यात त्याचं वर्णन संदिग्ध राहिलं आणि पाकिस्तानने हक्क सांगितला. १९५८ मध्ये पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी तोडगा काढला. बेरुबारी निम्मं-निम्मं वाटायचं आणि एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची, छिटमहलांची, अदलाबदल करायची. पण नुसत्या पंतप्रधानांच्या सहीने देशाची जमीन देता येते का? राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाला विचारलं.

[दृश्य: सिव्हिल लाइन्स. हायकोर्टाचा घुमट.]

मत लिहिलं न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. आठ जणांच्या त्या पीठावर एम. हिदायतुल्लाही होते. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथलेच वकील आणि पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती.

[दृश्य: छापील ओळीवरून सरकणारं बोट.]

इथे बघा. घटनेचं कलम ३६८. साधा कायदा पुरणार नाही, घटनादुरुस्ती हवी. म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं. अनेकांना हा खोडा वाटला. आम्हाला यातच शेजाऱ्याशी टिकाऊ समझोत्याचा पाया दिसतो.

[दृश्य: नकाशा, हळूहळू जवळ येत जाणारा.]

हे दहाला खागडाबाडी, २०१५ पर्यंतचं एक छिटमहल. भारताचं एक शेत. त्याच्या चारी बाजूंनी बांगलादेशची वस्ती, तिच्याभोवती पुन्हा भारताचं गाव, आणि त्याच्याही भोवती बांगलादेश, अशी तेव्हाची रचना होती.

१९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी नवा करार केला. बेरुबारी भारताकडेच राहिलं. बांगलादेशच्या संसदेने त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याकडे मात्र प्रश्न रेंगाळला. २०११ मध्ये ढाक्यात पूरक करार झाला, डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत आलं. आसाम आणि बंगालमधून विरोध झाला. मग ते शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या, संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीकडे गेलं. समितीत सगळ्या पक्षांचे खासदार. त्यांनी विधेयक लवकर मंजूर करा, असं सांगितलं. एव्हाना सरकार बदललं होतं. विधेयक आणलं एका सरकारने, मंजूर करून घेतलं दुसऱ्याने.

[दृश्य: सभागृहातला मतदानाचा फलक.]

६ मे २०१५, राज्यसभा. बाजूने १८१, विरोधात शून्य. दुसऱ्या दिवशी लोकसभा. बाजूने ३३१, विरोधात शून्य. शंभरावी घटनादुरुस्ती.

३१ जुलैच्या मध्यरात्री १६२ छिटमहल संपले. पन्नास हजारांहून अधिक माणसांना देश मिळाला. तिकडून इकडे आलेल्यांना मात्र वर्षानुवर्षं छावणीत काढावी लागली.

[दृश्य: संविधान चौक, संध्याकाळची वर्दळ.]

गंगेच्या पाणीवाटपाचा बांगलादेशशी झालेला १९९६ चा करार तीस वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतच. तिस्ता नदीच्या पाण्याचा मसुदा तर २०११ पासून अडलेला आहे. यात जमीन द्यायची नाही, पाणी वाटायचं आहे, त्यामुळे घटनादुरुस्ती लागत नाही. तरीही हे मसुदे स्थायी समितीसमोर आणि सभागृहात आधी यावेत, अशी आमची मागणी आहे. विदर्भातल्या मतदारांनी आपापल्या खासदारांना तसं पत्र लिहावं.