देवळाच्या ओसरीवरची रात्र

मंडळी! आम्हा ख्रिस्ती लोकांत ‘मंडळी’ म्हणजे चर्च, पण आज मी सगळ्यांनाच हाक मारतोय.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच गट समोरासमोर येतात. एक म्हणतो बाटवायला आले, दुसरा म्हणतो शाळा-दवाखाने काढले. हे भांडण ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. मला उत्सुकता आहे ती वेगळीच. परक्या मुलखात ही माणसं दिवस कसे काढत होती?

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ, अमेरिकन मराठी मिशनचं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कलकत्त्याहून कंपनी सरकारने त्यांना निघून जायला सांगितलेलं, आणि इथूनही परत धाडायचं घाटत होतं. राहायला मिळेल की नाही याचा पत्ता नसताना ही माणसं करायला काय बसली, तर मराठी शिकायला! मला याचं हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. शिकवणार कोण? ज्यांना उपदेश करायला आले त्यांच्यातलेच पंडित. ‘ळ’ म्हणताना जीभ किती वेळा आपटली असेल, कल्पना करा. पुढे शाळा काढल्या त्याही मिशनच्या पैशावर, पण मास्तर हिंदू. म्हणजे द्यायला आलेल्या माणसाला रोज सकाळी उठून कुणाकडून तरी काहीतरी घ्यावंच लागत होतं. शब्द घ्या, उच्चार घ्या, भाजीचा भावसुद्धा विचारून घ्या.

त्यांची श्रद्धा मला तिथे दिसते. प्रवचनांत नाही, प्रवचनं, खरं सांगतो, बरीचशी रुक्ष आहेत. लोक जमत, ऐकत, वाद घालत आणि घरी जात. बाप्तिस्मा घेणारे पहिल्या काही वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी दुसऱ्या दिवशी हा माणूस पुन्हा बाजारात उभा.

घरच्या पत्राला केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागत. आई आजारी असल्याचं वाचावं, तोवर ती बरी तरी झालेली असायची किंवा गेलेली तरी. नंतर 1830 च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने मुंबईत येऊ लागला. आपल्या गावाकडची थंडी अशी भुश्यात गुंडाळून आलेली पाहून त्या लोकांना काय वाटलं असेल? असो, विषयांतर झालं.

सिंथिया फरार यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. अविवाहित बाई, 1827 मध्ये आल्या. त्या काळी अमेरिकेतही हे जगावेगळंच होतं. मुंबईत मुलींच्या शाळा सांभाळल्या, मग नगरला गेल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला नगरला त्यांच्याकडे गेल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला मात्र त्यांची संध्याकाळ दिसते. शाळा सुटलेली, मुली घरोघर गेलेल्या, बाई एकट्या कंदिलाशी. पस्तीसेक वर्षं अशा संध्याकाळी!

घेण्याची गोष्ट पुढे उपासनेपर्यंत पोचली. सुरुवातीला पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवले. गाताना ते ओढूनताणून वाटायचे, अजूनही वाटतात. मग नगरकडचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ताचं कीर्तन करू लागले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, सगळं आपलं. माझी आजी उपासनेला टाळ न्यायची आणि हार्मोनियमवाल्याशी तिचं नेहमी वाजायचं. तिला हा इतिहास माहीत नव्हता, ताल माहीत होता.

पण मी हॉलकडे परत येतो. 1825 साली त्यांची बायको मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. हॉल मागे राहिले. पुढच्या मार्चमध्ये ते नाशिकला गेले, तर तिथे पटकीची साथ. जवळची औषधं वाटली, संपली, तेव्हा परत फिरले. वाटेत रात्र झाली म्हणून एका देवळाच्या ओसरीवर चटई टाकली. ज्या मूर्तीविरुद्ध तेरा वर्षं बोलले, तिच्याच दारात आसरा मिळाला, आणि कुणी हाकललं नाही, हे लक्षात घ्या. पहाटे निघायच्या तयारीत असताना त्यांनाच पटकीने गाठलं. काही तासांत संपलं. तारीख 20 मार्च 1826, वय 41. बरोबर फक्त सोबतीला आलेले दोन तरुण होते. त्यांनी खड्डा खणला आणि पेटीविना, घोंगडीत गुंडाळून पुरलं. ज्याच्या भाषांतरात हॉल यांचाही हात होता, तो मराठी नवा करार त्याच वर्षी मुंबईत छापून झाला.

ही बातमीही तशीच जहाजाने, वळसा घालत गेली. म्हणजे त्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक बाई आपल्या नवऱ्याच्या प्रकृतीसाठी रोज प्रार्थना करत असणार, आणि इकडे त्याच्या मातीवर पहिला पाऊसही पडून गेला होता.