सायटेशनचे रंग

रावेरच्या बागेत केळीच्या पानांवर दिसणारे हे पिवळसर पट्टे कुकुंबर मोझॅक विषाणूचे आहेत. इथले शेतकरी या रोगाला हरण्या म्हणतात. त्यावरील शोधनिबंध जळगावच्या ग्रंथालयात संगणकावर उघडून बसलेली ही विद्यार्थिनी मात्र रोगाचा नव्हे, तर निबंधांतील सायटेशनचा अभ्यास करते आहे. आधीच्या संशोधनाचा हवाला देणारे प्रत्येक वाक्य ती एका संगणकीय भाषा-मॉडेलकडून रंगवून घेते. दुजोरा असेल तर हिरवे, आक्षेप असेल तर तांबडे, नुसता उल्लेख असेल तर करडे.

पडदा जवळजवळ करडाच आहे, आणि त्यात नवल नाही. माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, तेव्हापासून मोजणी वाढत गेली. पण कोणी कशासाठी हवाला दिला, हे त्या मोजणीत उतरत नाही. २०११ मध्ये संशोधक अवैस अथर यांनी संगणकीय भाषाविज्ञानातील ८,७३६ सायटेशन वर्गीकृत केली, त्यांपैकी अनुकूल ८२९ आणि प्रतिकूल अवघी २८० होती. विद्वान मंडळी उघड भांडत नाहीत. आधी चार शब्द कौतुकाचे लिहितात आणि खरा आक्षेप पुढच्या वाक्यात ‘तथापि’ म्हणून हळूच मांडतात. म्हणून ही विद्यार्थिनी मॉडेलला एकटे वाक्य न देता त्याच्या मागचीपुढची वाक्येही देते.

तरीही हे तांबडे झालेले वाक्य पाहा. ‘तीव्र’, ‘रोग’, ‘नुकसान’ हे शब्द दिसताच सर्वसाधारण मॉडेल त्याला टीका समजले, वास्तविक तिथे केवळ प्रादुर्भावाची नोंद आहे. २०१९ चे सायबर्ट हे मॉडेल ११.४ लाख शोधनिबंधांवर शिकवलेले असल्यामुळे त्याला ही परिभाषा अधिक परिचयाची आहे. अचूकतेचा एकच आकडा मात्र फसवा ठरतो, कारण अथर यांच्या संचातील सगळी वाक्ये करडी रंगवणारे आळशी मॉडेलही शंभरातील ८७ वेळा बरोबर येईल. त्यामुळे प्रत्येक रंगाचे गुण वेगळे मोजावे लागतात.

लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याची बहुतेक सायटेशन खंडनाचीच आहेत, मोजणीत मात्र ती त्याच्या खात्यावर जमा होतात.